भरतीची वेळ आणि शाळेची घंटा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांच्याविषयी पहिली पाच मिनिटं गौरवानं बोलायचं आणि मग आपल्या विषयाकडे वळायचं, असा रिवाज आहे. मी तो पाळत नाही. त्यांची सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत गेली, तेव्हा आजचा विषय मुळात त्यांचाच आहे.

‘बेटावरची शाळा’ असा विषय मी कळवला, तेव्हा एका तरुण कार्यकर्त्यानं फोनवर विचारलं, “सर, अंदमानला जाऊन आलात का?” डोंबिवलीकराला बेट म्हटलं की अंदमान आठवतं, फार तर सिंधुदुर्ग किल्ला. त्याला म्हटलं, एकदा पश्चिम रेल्वेनं विरारला जा आणि खिडकीशी बस. भाईंदर सुटलं की गाडी खाडीच्या पुलावर चढते. मध्येच थोडी जमीन लागते, झाडं दिसतात, मग पुन्हा पूल आणि मग नायगाव. ती मधली जमीन म्हणजे पाणजू. रोज शेकडो लोकल त्या बेटावरून जातात आणि एकही तिथं थांबत नाही. तिथल्या माणसांना नायगाव गाठायचं तर होडी. होडी नसेल तर रेल्वेपुलाच्या कडेनं जीव मुठीत धरून चालायचं. तसंच वर गेलं की अर्नाळा. किनाऱ्यासमोर पाण्यात जो किल्ला दिसतो तो नुसता किल्ला नाही. त्या बेटावर मच्छीमारांचं नांदतं गाव आहे, आणि गाव आहे म्हणजे मुलं आहेत. ही दोन्ही ठिकाणं १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होती. त्या दिवशी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि आपल्या डोक्यातूनही ती गेली. तशी ती आधीही फारशी नव्हतीच.

पाण्यानं वेढलेली जमीन ही भूगोलातली व्याख्या झाली. शाळाखात्याच्या दृष्टीनं बेटं आणखीही आहेत. शहापूर तालुक्यातला धरणाच्या फुगवट्यापलीकडचा पाडा हे एक बेट. कल्याण-भिवंडी पट्ट्यातली वीटभट्टी हे दुसरं. ठाण्याचा तीन हात नाका, जिथं चारी बाजूंनी वाहनं वाहतात, तो उड्डाणपुलाखालचा तुकडा हे तिसरं. या सगळ्या ठिकाणी मुलं शाळेपासून तुटलेली असतात आणि आपण त्याला एकच कारण देतो: अंतर. रस्ता करा, पूल करा, बस द्या, सायकली वाटा. हे सगळं करावंच. पण इतकी वर्षं या खात्यात घालवल्यावर माझं मत असं झालंय, की मूल शाळेपासून तुटतं ते आधी वेळेनं आणि मग अंतरानं. शाळेचं घड्याळ आणि मुलाच्या घरचं घड्याळ वेगळं चालतं. मग गैरहजेरीचा शेरा मुलाच्या नावापुढे पडतो, घड्याळाच्या नावापुढे पडत नाही.

खाडीपासून सुरुवात करू. खाडीकाठच्या घरात भिंतीवरच्या घड्याळाला मान आहे, पण हुकूम पाण्याचा चालतो. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आज सकाळी साडेनऊला भरलेलं पाणी आठवड्यानं त्याच वेळी ओसरलेलं असतं आणि बंदराशी गुडघाभर गाळ उघडा पडलेला असतो. होडी पाण्यावर चालते, शाळा साडेदहाला भरते. ज्या पोराला माध्यमिक शाळेसाठी खाडीपलीकडे जायचंय, त्याची हजेरी पंचांगात लिहिलेली असते. मुख्याध्यापकांना हे माहीत नसतं असं नाही, पण हजेरीपत्रकात ‘ओहोटी’ असा रकाना नाही.

एका खाडीकाठच्या धक्क्यावर तर यायची वाट पाहत उभा होतो. तर म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, हे इथल्या नव्या पिढीसाठी सांगतो. डोंबिवलीच्या रेतीबंदरावरूनही पलीकडे होडीनं जात असत. आता मोठागाव-माणकोली पूल झाला, तो विषय संपला. तर धक्क्यावर चौथीतला एक मुलगा होता, हातात ओली पिशवी. त्याला सहज विचारलं, “काय रे, आज भरती किती वाजता?” त्यानं मलाच विचारलं, “आज तिथी कंची?” मी मोबाइलमध्ये पाहून सांगितलं, षष्ठी. त्यानं मान वर केली, ओठ हलले, आणि म्हणाला, “साडेचार. पण इकडं आत खाडीत पाणी उशिरा येतं, पाच धरा.”

त्यानं काय केलं ते ज्येष्ठांच्या लक्षात आलं असेल. सहाची पाऊणपट केली. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानानं येते, हा कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. आपल्या आजोबांनी पावकी, निमकी, पाऊणकी पाठ केल्या त्या हिशेबासाठी आणि बाजारासाठी. या पोरानं पाऊणकी शाळेत कधी ऐकलीही नसेल, त्याला ती आजानं होडीत शिकवली. वर खाडीच्या आत पाणी मागे राहतं म्हणून अर्ध्या तासाची दुरुस्ती. त्या मुलाच्या वर्गात नंतर गेलो. फळ्यावर अपूर्णांक होते. सहाचे तीन चतुर्थांश किती, हे गणित त्याच्या वहीत कोरं होतं. शिक्षक बिचारे मनापासून शिकवत होते, पोळीचे चार भाग काढून. पोळीचे! त्या घरात रोज तांदळाची भाकरी आणि भात. पाठ्यपुस्तक पुण्यात तयार होतं आणि पुण्यात पोळ्या लाटतात, यात पुस्तकाचा दोष नाही. पण ज्या गावात दर दिवशी पाऊणकीचा वापर होतो तिथं अपूर्णांक पोळीवर शिकवायचे आणि मग ‘या भागातल्या मुलांना गणित जड जातं’ असा अहवाल द्यायचा, हे मला पटत नाही.

आता हे आज सुचलेलं शहाणपण नव्हे. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, ऐंशी वर्षांपूर्वी, दोन बायकांनी हे सगळं करून दाखवलं होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ.

ताराबाईंचं नाव घेतलं की आपल्या डोळ्यांपुढे दादरचं शिशुविहार येतं, कारण आपण मध्यमवर्गीय आहोत. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी बालशिक्षणाचं काम केलं, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, १९३६ मध्ये दादरला शिशुविहार निघालं. मॉन्टेसरी पद्धत मराठी घरांत रुजली ती बरीचशी त्यांच्यामुळे. इथंच थांबल्या असत्या तरी इतिहासात जागा होती. पण १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या मुंबई सोडून डहाणूच्या बाजूला बोर्डीला गेल्या आणि ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. त्यांना प्रश्न पडला होता तो साधा होता: हे बालशिक्षण म्हणतात ते श्रीमंतांच्याच पोरांना का? लाकडी मनोरे, मखमलीचे नि खडबडीत कागदाचे तक्ते, पितळी वजनं, हे सामान विकत घेणं शहरातल्या शाळेलाही जड जाई. खेड्यात ते कुठून यायचं?

अनुताई त्यांना त्याच वर्षी भेटल्या, बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात. अनुताईंचं तेराव्या वर्षी लग्न झालं होतं आणि सहा महिन्यांत वैधव्य आलं होतं. पुढे शिकून त्या पुण्याला हुजूरपागेत शिक्षिका झाल्या. नोकरी पक्की होती, पगार वेळेवर होता. ते सोडून त्या बोर्डीला गेल्या आणि १९९२ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर त्यांचा देह पडला. मध्ये सत्तेचाळीस वर्षं. आपल्याकडे अशा माणसांना ‘व्रतस्थ’ म्हणून मोकळं व्हायची सोय आहे. एकदा व्रतस्थ म्हटलं की त्यांनी नेमकं काय केलं ते वाचायची गरज उरत नाही. म्हणून काय केलं ते जरा तपशिलात सांगतो.

बोर्डीत बालवाडी काढली. जागा बरी, बाई चांगल्या, पण दलित वस्तीतली मुलं येईनात. याला आपण काय म्हटलं असतं? पालकांमध्ये जागृती नाही. यांनी जागृतीची वाट पाहिली नाही. वस्तीतच गेल्या, एका अंगणात बसल्या आणि अंगणातच बालवाडी भरवली. आया घरकाम करता करता पाहताहेत, कोंबड्या मध्येच येताहेत, आजी उगाच सूचना करतेय, अशी शाळा. मुलं आली, कारण त्यांना कुठं जायचंच नव्हतं. सामान काय? शिंपल्या, चिंचोके, पिसं, काडेपेट्या, झाडांच्या बिया, समुद्राकाठचे गोटे. मॉन्टेसरीच्या साहित्यात जो हेतू होता, म्हणजे डोळ्यांनी, बोटांनी फरक ओळखणं, लहान-मोठं लावणं, मोजणं, तो शिंपल्यांनी पुरा होत होता. समुद्र फुकट होता.

मग मोठी मुलं. १९५७ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर हललं, आदिवासी वारली वस्तीत. तिथली सहा-सात वर्षांची मुलगी शाळेत येत नव्हती कारण तिच्या कडेवर धाकटं भावंड होतं. त्या भावंडाला आत घेतल्याशिवाय मुलगी आत येणार नव्हती. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात भरू लागल्या. त्याला त्या विकासवाडी म्हणत. आज हे वाचायला सोपं वाटतं. पण सरकारदरबारी पाळणाघर एका खात्याकडे, प्राथमिक शाळा दुसऱ्याकडे. मुलगी मात्र एकच होती आणि तिच्या कमरेवर भाऊ होता.

आणि मुलगे गुरांमागे. सकाळी गुरं सोडायची, संध्याकाळी परतायचं, मधला सगळा दिवस कुरणात. शाळेची वेळ आणि गुरांची वेळ तीच. मग शिक्षकच पेटी घेऊन गुरांमागे कुरणात गेले. काही पोरं गुरं राखायची, काही शिकायची, मग पाळी बदलायची. कुरणशाळा. तिच्याविषयी बोलताना लोक झाडाखालच्या शाळेच्या रम्य चित्रात रमतात, शांतिनिकेतन वगैरे. मला तिच्यात चातुर्य दिसतं ते वेळापत्रकाचं. ताराबाईंनी इमारत नाकारली त्याचं मला फार अप्रूप नाही, इमारत त्यांनाही हवीच होती. त्यांनी साडेदहाची घंटा नाकारली, आणि ती नाकारण्याची कुवत आजही आपल्या एकाही शिक्षणाधिकाऱ्यात नाही.

इथं एक अप्रिय गोष्ट बोलायला हवी. ज्या वर्षी ताराबाई बोर्डीला गेल्या, त्याच १९४५ मध्ये, जानेवारीत, आपल्या शेजारच्या टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. तिथं काही वारली मंडळी आली होती. मे महिन्यात झरीला सभा झाली आणि गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा उठाव उभा राहिला, वेठीविरुद्ध आणि मजुरीसाठी. म्हणजे एकाच मुलखात, एकाच वर्षी, दोन बायका एका बाजूनं आणि एक बाई दुसऱ्या बाजूनं कामाला लागल्या. आपल्या चरित्रग्रंथांत ही दोन कामं एकमेकांना भेटत नाहीत, जणू मधे खाडी आहे. पण विचार करा, सात वर्षांचा वारली मुलगा कुरणात का होता? कारण बापाच्या मजुरीत घर भागत नव्हतं. कुरणशाळेनं त्या मुलाला अक्षर दिलं, गुरांमागून सोडवलं नाही. ते तिच्या आवाक्यातलं नव्हतं. कोसबाडबद्दल पूर्ण आदर ठेवून मी ही मर्यादा नोंदवतो, कारण पुढचा धडा याच जागी आहे.

पुढचा धडा वीटभट्टीवरचा. आपण कल्याणहून भिवंडीकडे किंवा पडघ्याकडे जाताना धूर पाहतो, नाकाला रुमाल लावतो. दिवाळी झाली की जव्हार, मोखाडा, शहापूर, मुरबाड भागातून आदिवासी कुटुंबं भट्ट्यांवर येतात, त्यांत कातकरी फार. येण्याआधीच मालकाकडून उचल घेतलेली असते, घरातल्या लग्नाला नाही तर आजारपणाला. ती फिटेपर्यंत भट्टी. पहाटे दोन-तीनला माती कालवायला उठतात, साच्यात विटा थापतात, लहान पोरं त्या उन्हात पालटी करतात, म्हणजे एका बाजूनं सुकल्या की उभ्या करायच्या. मजुरी हजार विटांवर. म्हणून पोराचे हात हिशेबात धरलेले असतात, नाव नसलं तरी. कुटुंब राहतं ते भोंग्यात. कच्च्या-तुटक्या विटा रचलेल्या, वर पेंढा, आत वाकून शिरायचं. पावसाच्या तोंडावर सगळे गावी परत. शाळेच्या दृष्टीनं याचा अर्थ काय? जूनमध्ये नाव दाखल, नोव्हेंबरात मूल गायब, मे महिन्यात परत, आणि तेव्हा शाळेला सुट्टी. अशी चार वर्षं गेली की पाचवीत नाव असतं आणि वाचता येत नसतं.

विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसदेनं १९९० च्या दशकात या भट्ट्यांवर शाळा काढल्या. भोंग्यातच भरणाऱ्या, म्हणून भोंगाशाळा. शिकवणारे तिथले शिकलेले तरुण, भट्टीवरच मुक्कामाला. भरण्याची वेळ भट्टीच्या कामाप्रमाणे. कुरणशाळेचीच ही भाची, पण एक फरक होता. या मंडळींची दुसरी बाजू श्रमजीवी संघटना होती आणि ती वेठबिगारांना सोडवून, किमान वेतनासाठी मालकांशी भांडत वाढली होती. १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा कागदावर होता, तो वसई तालुक्यात खेचून आणला तो या लोकांनी. म्हणजे टिटवाळा आणि कोसबाड इथं एकत्र आले. मुलाला अक्षरही द्यायचं आणि त्याच्या बापाची उचलही कायद्यासमोर ओढायची. त्यांच्या पुढच्या राजकारणाबद्दल इथं बसलेल्यांची मतं वेगवेगळी असतील, माझीही आहेत. पण शाळा आणि मजुरी यांचा सांधा त्यांनी जितका ओळखला तितका आमच्या खात्यानं कधी ओळखला नाही. खात्यानं पुढे शिक्षण हमी पत्रक काढलं. स्थलांतर करणाऱ्या मुलानं ते बरोबर न्यायचं, जिथं जाईल तिथल्या शाळेनं त्याला बसवून घ्यायचं. कल्पना उत्तम. पण भट्टी आणि शाळा यांच्यामध्ये महामार्ग असतो, आणि पत्रक महामार्ग ओलांडून देत नाही.

ठाण्याचं उदाहरण थोडक्यात सांगतो, कारण ते बहुतेकांनी पाहिलंय. तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६ मध्ये ठाणे महापालिका आणि समर्थ भारत व्यासपीठ यांनी सिग्नल शाळा सुरू केली, मालवाहू कंटेनरांच्या वर्गखोल्यांत. मुलं मराठवाड्यातून दुष्काळात आलेल्या पारधी कुटुंबांची, सिग्नलला गजरे विकणारी. शाळेत आल्यावर आधी आंघोळ, खाणं, मग धडा. ही क्रमवारी ज्यानं ठरवली त्याला अनुताई कळल्या होत्या. दोनच वर्षांत इथली मुलं दहावी झाली. ज्यांना जवळची पालिकेची शाळा ‘अंतराच्या नियमात’ होती त्यांनाही ही शाळा लागली. तेव्हा अंतराचं माप पुरतं का, हे तुम्हीच ठरवा.

नियमात अंतरच आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, आपल्या राज्यात पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा हवी असं ठरलं. नकाशावर पाणजू ते नायगाव मोजा. सरळ रेषेत फार भरणार नाही. नकाशाला ओहोटी नसते.

आता या नकाशावर दुसरं संकट आलंय ते पटाचं. वीसपेक्षा कमी मुलं असलेल्या चौदा हजारांहून अधिक शाळा राज्यात आहेत, त्या एकत्र करून समूह शाळा कराव्यात अशी योजना २०२३ मध्ये पुढे आली. पानशेत आणि तोरणमाळ यांची उदाहरणं दिली गेली. मी समूह शाळेच्या सरसकट विरोधात नाही. दोन शिक्षकांनी पाच इयत्ता सांभाळायच्या, त्यातला एक पंचायत समितीच्या बैठकीला गेला की दुसऱ्यानं पाचही वर्ग एका खोलीत बसवायचे, हा काही आदर्श नव्हे. जिथं डांबरी रस्ता आहे, बस वेळेवर येते, पावसात ओढा आडवा येत नाही, तिथं दोन-तीन शाळा एक होऊन मुलांना खेळायला संगत आणि विषयाला शिक्षक मिळत असेल तर मिळू द्यावं. पण बेटावरची शाळा बंद केली तर बस कुठून येणार? मुलामागे खर्च किती, असा हिशेब मांडला की बेटावरची शाळा नेहमीच महाग ठरते. ती महाग आहेच. पोषण आहाराचा तांदूळसुद्धा होडीतून न्यावा लागतो. पण हिशेब मांडताना शाळा नसेल तर काय होईल याचा रकाना घालत नाहीत. सहा वर्षांचं मूल रोज खाडी ओलांडणार नाही. आई ते करू देणार नाही, आणि तिचं बरोबर आहे. पहिली गळती दुसरीतच होईल आणि ती मुलींची असेल.

नर्मदेच्या काठी हे घडताना दिसलं. सरदार सरोवराचं पाणी चढलं तेव्हा नंदुरबार जिल्ह्यातली डोंगरातली गावं अक्षरशः पाण्यानं वेढली गेली. सरकारी शाळा कागदावर होत्या, गुरुजी तालुक्याला. धरणविरोधी आंदोलनातल्या लोकांनी चिमलखेडीसारख्या गावांत जीवनशाळा काढल्या, गावच्याच तरुणांना शिक्षक केलं, त्यांच्या भाषेतून सुरुवात केली. पुढे २०२० मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, रेलू वसावे या अंगणवाडी सेविका रोज होडी वल्हवत पाड्यांवर जाऊन बाळांची वजनं करत होत्या, पोषण आहार पोचवत होत्या. वर्तमानपत्रांनी त्यांचे फोटो छापले, सत्कार झाले. मला त्या फोटोत वल्हं दिसतं तसं हेही दिसतं, की तिथं जायला सरकारी होडी नव्हती.

अंगणवाडीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास योजना तेहतीस प्रकल्पांनी सुरू झाली, आपल्याकडे मेळघाटात धारणीला. अंगणवाडी हे नाव ताराबाईंच्या बोर्डीतल्या कामापासून चालत आलंय. आज गावोगाव अंगणवाडी आहे, ही थोडी गोष्ट नाही. फक्त अंगण गेलं. एक खोली आली, तिला वेळ आली, रजिस्टरं आली, आता मोबाइलवरचं अॅप आलं. सेविकेचा अर्धा दिवस माहिती भरण्यात जातो. मानधनावर काम करणाऱ्या या बायकांना आपण ‘कर्मचारी’ म्हणत नाही, ‘सेविका’ म्हणतो, म्हणजे पगार द्यायला नको.

शिक्षकांबद्दल बोललो नाही तर माझेच जुने सहकारी मला घरी येऊन विचारतील. बेटावर, पाड्यावर कोण राहतो? २७ फेब्रुवारी २०१७ च्या शासन निर्णयानं जिल्हा परिषदेच्या शाळांची विभागणी झाली, सर्वसाधारण क्षेत्र आणि अवघड क्षेत्र. अवघड क्षेत्रात तीन वर्षं काढली की बदलीचा अधिकार मिळतो. शिक्षकाच्या बाजूनं हे न्याय्य आहे, नाही तर ओळख नसलेला माणूस तिथंच निवृत्त होईल. पण मुलाच्या बाजूनं पाहा. पहिलीत ज्या बाईंनी हात धरून अक्षर गिरवून घेतलं, मुलाची वारली किंवा आगरी बोली ज्यांच्या कानात आता कुठं बसायला लागली, त्या तो चौथीत जाण्याआधी गेलेल्या असतात. नव्या सरांना ‘कंची’ म्हणजे ‘कोणती’ इथून सुरुवात. अवघड क्षेत्रात राहणाऱ्याला जाण्याचा हक्क दिला तसा थांबण्याचा मोबदलाही द्यायला हवा होता: राहायला बरं घर, होडीचा खर्च, पाचवं वर्ष पुरं केलं तर वाढीव वेतन. बदलीसाठी पोर्टल काढायला खात्याला पैसे मिळाले. शिक्षकाच्या खोलीला पत्रा घालायला मिळत नाहीत. गावातून तरुण निवडून त्यांना शिकवून शिक्षक करावं, हे कोसबाडनं आणि भोंगाशाळेनं केलं. आमच्या भरतीपद्धतीत त्याला जागा नाही, कारण ती गुणवत्ता यादीवर चालते, आणि गुणवत्ता यादीत ‘खाडी पोहून जाता येते’ याला गुण नाहीत. हा विनोद आहे, पण पूर्ण नाही.

आता डोंबिवलीकरांनी काय करावं, असं कुणीतरी विचारणारच. पंधरा ऑगस्टला वह्या वाटायला पाड्यावर जाऊ नका, असं मी म्हणत नाही. वह्या लागतात. पण आपल्या गावात वकील भरपूर आहेत, निवृत्त बँक अधिकारी भरपूर आहेत, कागद वाचायची आवड असलेले लोक ठाणे जिल्ह्यात सगळ्यात जास्त इथंच असावेत. त्यांच्यासाठी एक काम आहे.

शिक्षण हक्क कायदा काढून त्यातलं कलम नऊ वाचा. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल याची जबाबदारी त्यात स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे, म्हणजे जिल्हा परिषदेवर, महापालिकेवर. आणि त्याच कलमात शैक्षणिक दिनदर्शिका ठरवण्याचा अधिकारही त्यांनाच दिला आहे. कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास असं लिहिलं आहे. तास लिहिले आहेत. ते साडेदहा ते पाच या वेळेतच भरावेत, दिवाळीची सुट्टी अमुक आणि मेची अमुकच असावी, हे कायद्यात नाही. ते आपण सवयीनं घातलं. पाणजूची शाळा व्यवस्थापन समिती, अर्नाळ्याची समिती, भट्टीजवळच्या शाळेची समिती आपापल्या हंगामाप्रमाणे आणि पाण्याप्रमाणे वर्षाचा आराखडा मागू शकते. माझ्या नोकरीच्या काळात असा अर्ज एकाही समितीकडून माझ्या टेबलावर आला नाही. आला असता तर वरच्या साहेबांनी आधी विचारलं असतं, तपासणीला यायचं तर कधी यायचं? त्यावर उत्तर सोपं आहे. तिथी बघून या.

असा अर्ज लिहायला मराठी बरी लागते, कलमांचे क्रमांक बिनचूक लागतात, आणि जिल्हा परिषदेत तीन-चार वेळा जाऊन पोच घ्यायची चिकाटी लागते. पालकांकडे पहिल्या दोन गोष्टी नसतात आणि तिसरीसाठी मजुरी बुडवावी लागते. मसुदा मी केलेला आहे, दोन पानांचा. ज्यांना हवा असेल त्यांनी खाली बाकड्यावरून उचलावा, आणि ज्यांना कायद्यातलं काही खटकेल त्यांनी पेन्सिलीनं दुरुस्त करून पुढच्या शनिवारी परत द्यावा. शहापूरच्या एका शाळेच्या समितीची बैठक अमावस्येनंतर आहे, त्याआधी तो पक्का व्हायला हवा.